आंतरराष्ट्रीय मानवाधिकार राजनयाचा प्रत्यक्ष अनुभव कायद्याच्या विद्यार्थ्याने कुठून मिळवावा?

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, आंतरराष्ट्रीय मानवाधिकार राजनयात, म्हणजे त्या क्षेत्रातल्या मुत्सद्देगिरीत, काम करण्याची तिची मनापासून इच्छा आहे, अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या) दोन स्पर्धाही तिने केल्या आहेत. परंतु ‘प्रत्यक्ष अनुभव’ म्हणजे नेमके काय, त्यासाठी जिनिव्हाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद जिथे भरते तिथे, जाणे अपरिहार्य आहे का, आणि घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याला हे झेपेल का, याचा उलगडा तिला होत नाही. मी वकील आहे. मानवाधिकार परिषदेपुढे आणि करारसमित्यांपुढे (एकेका मानवाधिकार कराराचे पालन तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या समित्यांपुढे) जाणारी निवेदने तयार करण्याचे आणि ती तिथे मांडण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि जवळजवळ दरवर्षी दोनतीन विद्यार्थी माझ्यासोबत त्या कामात असतात. त्या अनुभवावरून हे उत्तर देतो.

जिनिव्हाला जरूर जावे, परंतु सुरुवात तिथून करू नये. या क्षेत्रातला खरा अनुभव म्हणजे, एखादी वस्तुस्थिती जिथे घडते तिथे ती स्वतः समजून घेणे, आणि ती कोणत्या शब्दांत मांडली तर एखादे राज्य (म्हणजे एखाद्या देशाचे सरकार) ते शब्द स्वतःच्या तोंडी घ्यायला तयार होईल हे शोधणे. ही वाट ज्याने एकदा तरी पूर्ण चालून पाहिली, त्याला मी अनुभवी म्हणतो. नुसता सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून आलेला विद्यार्थी छायाचित्रे घेऊन परततो, आणि नुसता गावपातळीवर राहिलेला विद्यार्थी आपला अहवाल कुणी वाचला नाही म्हणून खंतावतो.

याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण विद्यार्थ्यांचेच आहे. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या वानुआतू या बेटराष्ट्रात, पोर्ट व्हिला इथल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या आवारात, कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या एका अभ्यासातून असा विचार मांडला की, हवामानबदलाबाबत राज्यांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लागार मत (बंधनकारक नसलेले कायदेशीर मत) मागवावे. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. पलाऊ या लहान देशाने २०११ मध्ये तसा प्रयत्न करून पाहिला होता आणि तो पुढे सरकला नव्हता. विद्यार्थ्यांनी प्रशांत बेटराष्ट्रांच्या नेत्यांना पत्रे लिहिली, आपली संघटना उभी केली, आणि वानुआतूचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. सल्लागार मत मागण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना नाही, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेला आहे. आणि महासभेत मत असते ते राज्यांना. म्हणून पुढची तीनचार वर्षे त्यांचे काम हे होते की, राज्यांना हा प्रश्न आपला वाटावा.

त्या प्रश्नाचा मसुदा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला लावतो. त्यात कोणत्याही देशाचे नाव नाही, कुणावर ठपका नाही. राज्यांची कर्तव्ये कोणती, आणि ती न पाळल्याने हवामानाची लक्षणीय हानी झाली तर कायदेशीर परिणाम काय, एवढेच विचारलेले आहे. मात्र प्रश्नाच्या आरंभीच नागरी व राजकीय हक्कांचा करार, आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा करार आणि मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा यांचा उल्लेख आहे. त्या उल्लेखामुळे हवामानाचा विषय केवळ उत्सर्जनाच्या वाटाघाटींपुरता न राहता माणसाच्या हक्कांचा झाला. वानुआतूसह १८ देशांच्या गटाने हा मसुदा घडवला, १३२ देश त्याचे सहप्रस्तावक झाले, आणि २९ मार्च २०२३ रोजी महासभेने तो मतदानाविना, सहमतीने स्वीकारला. डिसेंबर २०२४ मध्ये हेग इथे सुनावणी झाली आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने आपले मत दिले. एका वर्गातल्या अभ्यासापासून तिथवर सहा वर्षे लागली. ज्यांना एका सत्राच्या इंटर्नशिपमधून फळ हवे असते, त्यांनी हा कालावधी लक्षात ठेवावा.

अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांबद्दल मला आदर आहे. नेल्सन मंडेला यांच्या नावाने होणाऱ्या जागतिक मानवाधिकार स्पर्धेची अंतिम फेरी तर जिनिव्हाच्या पॅले दे नास्योंमध्येच, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मुख्य इमारतीतच, होते, आणि ती केलेल्या मुलांना करारांची कलमे तोंडपाठ असतात. परंतु स्पर्धेत समोर न्यायाधीश असतो आणि त्याला पटवून जिंकायचे असते. राजनयात न्यायाधीश नसतो. समोर ज्याला पटवायचे तो बहुधा स्वतःच प्रतिवादी असतो, किंवा प्रतिवादीशी उद्या व्यापाराची बोलणी करायची असलेला त्याचा शेजारी. युक्तिवादाने त्याची कोंडी केली तर तो कागद बाजूला ठेवून उठून जातो. म्हणून स्पर्धेतल्या उत्तम वक्त्यांना पहिल्या बैठकीत मी बोलू देत नाही. ऐकून टिपणे काढायला सांगतो. त्यांना ते आवडत नाही, परंतु दुसऱ्या आठवड्यात त्यांची टिपणे माझ्यापेक्षा चांगली असतात.

भारताच्या संदर्भात शिकण्यासाठी सर्वांत सोयीची प्रक्रिया म्हणजे सार्वत्रिक नियतकालिक आढावा, ज्याला सगळे यूपीआर म्हणतात. मानवाधिकार परिषद २००६ मध्ये स्थापन झाली, तिचे ४७ सदस्य देश असतात, आणि या आढाव्यात संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाला साधारण साडेचार ते पाच वर्षांनी इतर देशांसमोर बसावे लागते. भारताचा आढावा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ असा चार वेळा झाला. आढाव्याची बैठक साडेतीन तासांची असते. त्यातली ७० मिनिटे आढावा असलेल्या देशाची आणि १४० मिनिटे बाकी सर्वांची. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारताला १३० देशांनी ३४१ शिफारशी केल्या. म्हणजे एका देशाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट आले, आणि त्या मिनिटात स्वागत, कौतुक आणि दोनतीन शिफारशी बसवाव्या लागल्या. आपण महिनाभर खपून लिहिलेल्या निवेदनातले एक वाक्य त्या मिनिटात शिरले, तर काम झाले असे समजावे.

ते वाक्य शिरते कसे, हे पाहण्यासारखे आहे. आढावा तीन कागदांवर उभा असतो: सरकारचा राष्ट्रीय अहवाल, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांमधल्या माहितीचे संकलन, आणि नागरी संस्थांच्या निवेदनांचा मानवाधिकार उच्चायुक्तांच्या कार्यालयाने काढलेला गोषवारा. एकट्या संस्थेच्या निवेदनाला २,८१५ शब्दांची आणि संयुक्त निवेदनाला ५,६३० शब्दांची मर्यादा असते. असे निवेदन पाठवायला आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी संस्थेला दिलेली अधिकृत मान्यता, लागत नाही. तालुक्याच्या गावातली छोटी संस्थाही ते पाठवू शकते, आणि कायद्याचे विद्यार्थी त्या संस्थेसाठी ते लिहू शकतात. माझ्या मते तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मिळू शकणारा हा सर्वांत अस्सल अनुभव आहे, आणि त्याला विमानाचे तिकीट लागत नाही. प्रत्यक्ष आढाव्याच्या बैठकीत संस्थांना बोलता येत नाही. म्हणून त्याआधीचे महिने महत्त्वाचे. यूपीआर इन्फो ही जिनिव्हातली संस्था आढाव्यापूर्वी संस्था आणि देशांची स्थायी मिशने (संयुक्त राष्ट्रांकडची त्यांची कायमची प्रतिनिधी कार्यालये) यांच्या बैठका घडवते, आणि दिल्लीतल्या दूतावासांमध्येही गाठीभेटी होतात.

पॅले दे नास्योंमध्ये सरोवराकडे तोंड असलेले एक उपाहारगृह आहे, सर्पंटाइन बार म्हणून ओळखले जाणारे. परिषदेचे अर्धे काम तिथल्या टेबलांवर होते. एकदा मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन एका लहान देशाच्या तरुण राजनयिकेला तिथे भेटलो. तिच्याकडे दहा मिनिटे होती. आमच्या विद्यार्थ्याने चार पानांचे टिपण पुढे केले, तिने ते उलटे करून कोऱ्या बाजूवर पेन टेकवले आणि विचारले, “क्रियापद कोणते हवे?” तो गोंधळला. शिफारशीत ‘विचार करावा’, ‘सुरू ठेवावे’, ‘बळकट करावे’, ‘कायदा करावा’, ‘अनुसमर्थन करावे’ (सही केलेला करार स्वतःवर बंधनकारक करून घ्यावा) यांतले कोणते क्रियापद वापरायचे, हे तिला आमच्याकडून हवे होते. ‘सुरू ठेवावे’ म्हटले की सरकार ती शिफारस आनंदाने स्वीकारते आणि काहीच बदलत नाही. ‘अनुसमर्थन करावे’ म्हटले की ती बहुधा ‘दखल घेतली’ या रकान्यात जाते, कारण यूपीआरमध्ये शिफारस नाकारली असे लिहिले जात नाही, ती स्वीकारली किंवा दखल घेतली एवढेच असते. २०१७ च्या आढाव्यात भारताने २५० पैकी १५२ शिफारशी स्वीकारल्या. छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन मात्र अजून केलेले नाही, आणि आढाव्यामागून आढाव्यात अनेक देश तीच शिफारस करत आले आहेत. मग ‘अनुसमर्थनाच्या दिशेने छळाची व्याख्या देशांतर्गत कायद्यात आणावी’ असे मधले पाऊल सुचवायचे की मूळ मागणीवर ठाम राहायचे, हा निर्णय घ्यायला शिकणे म्हणजे राजनय शिकणे. याचे एकच उत्तर नाही. मी स्वतः दोन्ही बाजूंनी चुकलेलो आहे.

शब्दांचे वजन समजण्यासाठी आपल्याकडचा इतिहासच पुरेसा आहे. सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होऊ शकणारे शब्द होते. तिथे ‘सर्व मानव’ असे यावे म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तो टिकला. त्या मुंबईच्या सार्वजनिक जीवनातल्या, मुंबई कायदेमंडळाच्या सदस्य राहिलेल्या. दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. वंशभेद निर्मूलनाचा करार १९६५ मध्ये आकाराला येत असताना पहिल्या कलमातल्या व्याख्येत ‘जन्मकुळ’ या अर्थाचा शब्द घालावा अशी सूचना भारताच्याच शिष्टमंडळाने केली. पुढे त्याच शब्दात जातीचा समावेश होतो असे करारसमितीने २००२ च्या आपल्या २९व्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केले, आणि भारत सरकारने मात्र जात त्यात येत नाही अशी भूमिका घेतली. जातीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय दलित एकता जाळ्याला सल्लागार दर्जा मिळण्यासाठी सुमारे पंधरा वर्षे थांबावे लागले. तो डिसेंबर २०२२ मध्ये मिळाला. डॉ. आंबेडकरांनी तर १९४६ मध्येच अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, कारण अस्पृश्यांच्या वतीनेही तसाच अर्ज करण्याचा विचार चालू होता. आपल्याकडे ही वाट नवी नाही, हे मला विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

आता गावपातळीकडे. माझ्याकडच्या विद्यार्थ्यांना मी बहुधा बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा विषय अभ्यासाला देतो. तिथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, आणि एखाद्या दिवशी काम चुकले तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो. मासिक पाळीत किंवा आजारपणात खाडा परवडत नाही. अशा स्त्रियांमध्ये तरुण वयातच गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे २०१९ मध्ये पुढे आले, आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

विद्यार्थी पहिल्या मसुद्यात संतापाने लिहितात, आणि त्यांचा संताप रास्त असतो. दुसऱ्या मसुद्यात मी विचारतो की, स्त्रियांविषयीच्या भेदभाव निर्मूलन कराराचे कोणते कलम लागू होते? रोजगाराचे ११ वे, आरोग्याचे १२ वे आणि ग्रामीण स्त्रियांचे १४ वे. भारताने १९९३ मध्ये या कराराचे अनुसमर्थन केले आहे. तिसऱ्या मसुद्यात विचारतो, देशात काय घडले? अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिलेला आहे. मग जिनिव्हात ‘कायदा करा’ असे मागण्यात अर्थ उरत नाही. मागायचे ते हे की, हंगामी स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांसाठी त्या तत्त्वांची अंमलबजावणी किती झाली याची जिल्हानिहाय आकडेवारी सरकारने जाहीर करावी, आणि शस्त्रक्रियेपूर्वीची संमती स्त्रीला समजेल अशा भाषेत नोंदवली जावी. अशी मागणी स्वीकारायला सरकारला अडचण पडत नाही, आणि एकदा स्वीकारली की पुढच्या आढाव्यात तिचा हिशेब मागता येतो. संतापाच्या चार पानांतून ही दोन वाक्ये निघेपर्यंत सहासात आठवडे जातात.

या कामात एक गोष्ट मी कधीही सैल सोडत नाही, ती म्हणजे संमती. तांड्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून जी बाई आपल्या शरीराविषयी बोलते, तिला जिनिव्हा कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. परंतु तिचे बोलणे सरकारपर्यंत आणि परदेशापर्यंत जाऊ शकते, छापले जाऊ शकते, आणि पुढच्या हंगामात तिला त्याच मुकादमाकडे जायचे आहे, हे तिच्याशी स्पष्ट बोलून मगच पुढचा प्रश्न विचारावा. तिने आठवडाभराने नकार दिला तर टिपणातला तो भाग काढून टाकावा, तो कितीही प्रभावी असला तरी. संयुक्त राष्ट्रांशी सहकार्य केल्याबद्दल लोकांना सहन कराव्या लागणाऱ्या सूडाच्या कारवायांवर महासचिव दरवर्षी अहवाल मांडतात. तो एकदा वाचला की हे बंधन जाचक वाटत नाही. एका विद्यार्थ्याने, उत्साहाच्या भरात, गावाचे नाव आणि स्त्रीचे वय एकत्र लिहिले होते. तेवढ्यावरून तिला त्या गावात कुणीही ओळखले असते. निवेदन पाठवण्याच्या आदल्या रात्री ते लक्षात आले, आणि त्या रात्रीनंतर आमच्याकडे प्रत्येक मसुदा दुसऱ्या माणसाने केवळ याच नजरेने वाचायचा असा नियम झाला.

पैसा आणि वेळ यांविषयी थोडक्यात, पण उघडपणे सांगतो. संयुक्त राष्ट्रांची इंटर्नशिप दोन ते सहा महिन्यांची असते आणि तिला वेतन नसते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले, पदव्युत्तर शिकणारे किंवा पदवी मिळून वर्ष न उलटलेले विद्यार्थी तिला पात्र असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षात अर्ज करण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, परंतु एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. त्यामुळे जिनिव्हाचा मोठा मुक्काम पदवीनंतरच्या वर्षासाठी राखावा. जिनिव्हा फार महाग आहे. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक तरुण इंटर्न सरोवराकाठी तंबूत राहत होता, आणि त्याची बातमी जगभर झाली, तरी बिनपगारी व्यवस्था तशीच राहिली. मला हे अन्यायकारक वाटते, कारण त्यामुळे या दालनांमध्ये सुस्थितीतल्या घरांतली मुलेच जास्त दिसतात, आणि ज्यांच्या गावात हक्क डावलले जातात त्यांची मुले कमी. आठदहा दिवसांसाठी जायचे असेल तर सीमेपलीकडे फ्रान्समधल्या आनमासमध्ये राहावे; तिथून रेल्वेने रोज ये-जा करता येते आणि खर्च बराच कमी होतो. सभागृहात प्रवेशासाठी सल्लागार दर्जा असलेल्या संस्थेच्या वतीने नोंदणी लागते, म्हणून आधी अशा एखाद्या संस्थेसाठी घरी बसून काम करावे. चांगले मसुदे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती संस्था स्वतःहून विचारते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची उन्हाळी इंटर्नशिप आणि मुंबईतल्या राज्य आयोगातल्या सुनावण्या यांनाही कमी लेखू नये, कारण तक्रार दाखल होऊन निकालापर्यंत कशी जाते हे जिनिव्हात कुणी शिकवत नाही.

या विद्यार्थिनीला मी आत्ता एवढेच करायला सांगेन. मानवाधिकार समितीने (ही परिषदेहून वेगळी, करारसमित्यांपैकी एक) जुलै २०२४ मध्ये, तब्बल २७ वर्षांच्या खंडानंतर, नागरी व राजकीय हक्कांच्या कराराखाली भारताचा आढावा घेतला. त्या बैठकीचे चित्रीकरण संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर पाहता येते आणि समितीची अंतिम निरीक्षणे सर्वांना खुली आहेत. चित्रीकरण पाहताना एका सदस्याचा एकच प्रश्न निवडावा, त्यावर शिष्टमंडळाने दिलेले उत्तर शब्दशः उतरवून काढावे, आणि त्या प्रश्नाचे अंतिम निरीक्षणांत कोणते वाक्य झाले ते शोधावे. मग आपल्या तालुक्यात त्या वाक्याशी संबंधित कोणते कार्यालय आहे ते पाहून, तिथे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. उत्तर आले, किंवा तीस दिवसांत आले नाही, तरी तो कागद जपून ठेवावा. पुढच्या आढाव्याच्या निवेदनात त्याचा उपयोग होईल, आणि ते निवेदन लिहायला बसाल तेव्हा मला कळवावे. मसुदा मी वाचेन.